जसिंताचं पथ्य

जसिंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसले होते. फोन अंतोनभाऊंचा, तिच्या नवऱ्याचा. "सुनंदाताई, गेली," एवढंच म्हणाले पण फोन ठेवला नाही. मागे हॉस्पिटलमधल्या स्ट्रेचरच्या चाकांचा खडखडाट ऐकू येत होता. मी काय बोलले ते आठवत नाही. ऑपरेशन झालं होतं, ती शुद्धीवर आली होती, मी भेटायला गेले तेव्हा तिने बोलता येईना म्हणून हातानेच 'जा आता घरी' अशी खूण केली होती... मग ताप चढला, रक्तात जंतुसंसर्ग पसरला आणि जिने इतकी वर्षं आपल्या आतड्यांची मर्जी सांभाळली ती जसिंता बघता बघता हातातून निसटली.

वसईतल्या सांडोर गावच्या तिच्या घरापासून चर्चपर्यंतचा रस्ता माणसांनी भरला होता. आजी-माजी विद्यार्थी होते, गावातल्या बायका होत्या, आणि तिची भाषणं ऐकून तिच्याकडे येऊ लागलेले आजारी लोकही होते. दफनभूमीत मी मूठभर माती हातात धरून उभी असताना मागे दोन बायका हळू आवाजात बोलत होत्या. "पथ्यावर होती तेव्हा किती छान होती. गोळ्या-इंजेक्शनांच्या नादी लागली आणि गेली." दुसरी म्हणाली, "तेच ना." मी मागे वळून पाहिलं नाही. पण ते वाक्य गेले काही आठवडे कानात गेलेल्या पाण्यासारखं हिंदकळतंय. कारण हेच वाक्य, थोड्या वेगळ्या शब्दांत, जसिंता स्वतः एके काळी व्यासपीठावरून बोलली होती. आणि ते मागे घ्यायला तिला फार मोठी किंमत मोजावी लागली होती.

मी साताऱ्याची. लग्नानंतर वसईत आले, नव्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये संसार मांडला आणि शाळेत मराठी शिकवायला लागले. जसिंता तिथे वरच्या वर्गांना जीवशास्त्र शिकवायची. मुलं तिला 'टीचर' म्हणत आणि तिला घाबरतही, पण तिच्या तासाला खिडकीबाहेर कुणी बघत नसे. उंच, रुंद खांद्यांची, हसली की शेजारच्या वर्गात ऐकू जाणारी. तिचं माहेरही याच पट्ट्यातलं. घरी ती तिच्या बोलीत बोलायची, त्यातलं मला निम्मंच कळे. माझ्याशी मात्र शुद्ध मराठीत बोलायची आणि मी चुकून 'अगं बाई' म्हटलं की माझी नक्कल करायची. खाण्यावर तिचं मनापासून प्रेम होतं. नाताळच्या सुट्टीनंतर ती डबा भरून फुगे आणायची... तळलेले मैद्याचे गोळे, हलके, आतून पोकळ. त्यासोबत घरच्या मसाल्यातलं काहीतरी झणझणीत. मी शाकाहारी म्हणून माझ्यासाठी वेगळी वांग्याची भाजी असे. मी एक फुगा खाईपर्यंत तिचे चार झालेले असत.

चाळिशीच्या थोडं अलीकडे तिचं पोट दुखायला लागलं. आधी वाटलं, लग्नसराईत जास्त झालं असेल. मग जुलाब सुरू झाले ते थांबेनात, संध्याकाळी बारीक ताप येई, तोंडात फोड येत, वजन उतरत चाललं. वर्गात शिकवता शिकवता ती खडू टेबलावर ठेवून बाहेर पडायची आणि पांढऱ्या चेहऱ्याने परत यायची. परीक्षेच्या पर्यवेक्षणाला स्वच्छतागृहाजवळचा वर्ग मागून घ्यायची. वसई ते विरारच्या रस्त्यावर कुठल्या हॉटेलात, कुठल्या पेट्रोल पंपावर, कुणाच्या ओळखीच्या घरी जाता येईल याचा सगळा नकाशा तिच्या डोक्यात तयार झाला होता. आधी आतड्यांचा क्षयरोग म्हणून औषधं झाली. कित्येक महिने ती गिळूनही उतार पडेना. शेवटी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात दुर्बीण घालून आतडं आतून तपासलं, तुकडा काढून पाहिला आणि क्रोन्स हे नाव कळलं.

"म्हणजे नेमकं काय?" मी विचारलं. तिने स्टाफरूममध्ये बसून मला मुलांना समजावतात तसं समजावलं. "आपल्या शरीराचे पहारेकरी असतात ना, त्यांचं डोकं फिरतं. चोर समजून ते आपल्याच भिंती फोडायला लागतात. माझ्या बाबतीत आतड्याच्या भिंती." "आणि उपाय?" "पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध द्यायचं." ती हसली. "मग खरा चोर आला तर बघायला कुणी नाही, हा त्यातला भाग." पूर्ण बरा होणारा हा आजार नाही, फक्त ताब्यात ठेवता येतो, हे तिने त्याच दमात सांगून टाकलं आणि तासाची घंटा झाली म्हणून उठली.

स्टेरॉइडने तिचा चेहरा सुजून चंद्रासारखा गोल झाला. ओळखीचे लोक "तब्येत सुधारली वाटतं" म्हणायचे, ते तिला सहन होत नसे. मग दुसऱ्या गोळ्या आल्या, त्यांच्यासाठी सारखं रक्त तपासावं लागे. गोळी घेतली की मळमळ, केस हातात येत, वर्गात कुणी शिंकलं तरी ती मागे सरके. याच काळात अंतोनभाऊंनी तिचं खाणं हातात घेतलं. त्यांची केळीची आणि भाजीची वाडी आहे. कमी बोलणारा, मातीत रमणारा माणूस. बायकोच्या ताटात जे पडेल ते आपल्या वाडीतलंच आणि औषध न मारलेलं, असं त्यांनी ठरवलं. दुधी, कोहळा, लाल भोपळा, पिकलेली केळी. मऊ भात, त्यावर मुगाचं पातळ वरण. दूध बंद, मैदा बंद, तळलेलं बंद, तिखट बंद, बिया आणि सालं बंद. मासा शिजवायचा तोही नुसत्या हळद-मिठात. सकाळी उठून ते स्वतः भाजी सोलायचे, बिया काढायचे. एखाद्या पदार्थाने त्रास झाला की तो कायमचा घराबाहेर. गावच्या सणाला, लग्नाला जसिंता आपला डबा घेऊन जायची. लोक पानावर बसलेले असत आणि ही एका कोपऱ्यात पांढरा भात खात, सगळ्यांशी गप्पा मारत बसलेली.

आणि तिला खरंच बरं वाटायला लागलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर लोकांनी हेही नाकारायला सुरुवात केली. पोटातली कळ गेली. वजन वाढलं. ती पुन्हा जिन्याने तिसऱ्या मजल्यावर जायला लागली. तिच्या डॉक्टरांनीही पथ्याला नाही म्हटलं नव्हतं. तिच्यासोबत एकदा मी गेले होते तेव्हा ते म्हणाले होते, "आहार उत्तम चाललाय, सोडू नका. पण तो औषधाचा जोडीदार आहे, बदली कामगार नाही." जसिंताने मान डोलावली होती. तरीही त्या वर्षी तिने हळूहळू गोळ्या बंद केल्या. आधी एक दिवसाआड, मग आठवड्यातून कधीतरी, मग नाहीच. काही झालं नाही. दुसरं वर्ष गेलं, काही झालं नाही. डॉक्टरांकडे जाणंही थांबलं. जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईने असं कसं केलं, असं आज कुणीही विचारेल. पण रोज मळमळणारा माणूस एक दिवस मळमळ न होता उठतो, भूक लागलीय म्हणतो, तेव्हा त्याला कुठलं पुस्तक आठवत असेल?

तिच्या बरं होण्याची गोष्ट आधी गावात पसरली, मग चर्चच्या महिला मंडळाने तिला बोलायला बोलावलं. ती बोलायची फार छान. तिच्या भाषणाची चित्रफीत कुणीतरी काढली, ती मोबाइलवरून वसईभर फिरली, तिथून विरार, नालासोपारा. मग सोसायट्यांच्या सभागृहांतून बोलावणी यायला लागली. रविवारी तिच्या ओसरीवर माणसं बसलेली असत. कुणाला क्रोन्स, कुणाला आतड्याला सूज, कुणाला नुसतंच पित्त. अंतोनभाऊ त्यांना वाडी दाखवायचे. एरवी न बोलणारा हा माणूस कोहळ्याच्या वेलापाशी उभा राहून माहिती द्यायचा, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते पाहून मला भरून यायचं. आपल्या मातीने आपल्या बायकोला वाचवलं, असं त्यांना वाटत होतं. आणि सभेत जसिंता म्हणायची, "मी गोळ्यांवर होते तेव्हा आजारी होते. पथ्यावर आले आणि माणसात आले." टाळ्या पडायच्या.

अर्नाळ्याची हर्षदा त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत होती. कोळ्याघरची, विरारला बँकेत नोकरी करणारी तरुण मुलगी, नुकताच तिलाही क्रोन्स निघालेला. ती जसिंताच्या मागे अक्षरशः सावलीसारखी फिरे. जसिंता तिला डबा कसा भरायचा ते शिकवायची, प्रवासात काय न्यायचं ते सांगायची. सहा-सात महिने हर्षदा छान होती. मग कधीतरी रविवारी येईनाशी झाली.

एका सकाळी मी जसिंताकडे असतानाच हर्षदाची आई आली. मासळी बाजार आटोपून तशीच आली असावी, पाय ओले होते. आम्ही बसायला सांगितलं तर बसली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "टीचर, पोर दवाखान्यात हाय. आतडी आवळली म्हनतात. पानीसुदा पोटात ठरत नाय." जसिंता उभी राहिली. ती बाई पुढे म्हणाली, "तुमी सांगितलं म्हनून तिनं गोळ्या टाकल्या. मी भांडायला नाय आले. फक्त इचारायला आले, तुमी खरंच काय घेत नाय का?"

आवाज चढलेला नव्हता. कुतूहलाने विचारावं तसं तिने विचारलं होतं. जसिंताने माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दारात हातात सुरी घेऊन उभ्या असलेल्या अंतोनभाऊंकडे पाहिलं. आणि म्हणाली, "घेते."

मग ती सांगत गेली. वर्षभरापूर्वी तिला पुन्हा कळा सुरू झाल्या होत्या. ती एकटी मुंबईला जाऊन आली होती. तपासणीत निघालं की वरून सगळं शांत वाटत होतं तरी आत सूज धुमसतच राहिली होती, आणि आतड्याचा एक भाग जखमा भरून भरून अरुंद झाला होता. मऊ खाण्यामुळे अन्न त्यातून सरकून जात होतं, म्हणून कळलं नाही. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की त्रास नाही म्हणजे आजार नाही, असं या आजारात धरून चालत नाही. तेव्हापासून ती गोळ्या घेत होती. शाळेत, कपाटाआड उभी राहून. घरी कुणाला माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं.

"मग सांगितलं का नाय?" हर्षदाच्या आईने विचारलं. अंतोनभाऊ सुरी तिथेच ठेवून मागच्या दाराने वाडीत निघून गेले.

मला तिचा राग आला होता, हे कबूल करायला हवं. इतक्या वर्षांची मैत्रीण, रोज शेजारी बसून जेवणारी, आणि मला कळू दिलं नाही. दोन दिवस मी तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तीच माझ्यासमोर येऊन बसली. "भीती वाटली गं," म्हणाली. "लोकांची नाही. अंतोनची. त्याने माझ्यासाठी अख्खी वाडी बदलली. मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू की पुरलं नाही?"

अंतोनभाऊ तिच्याशी बरेच दिवस बोलत नव्हते. भाजी मात्र सोलून ठेवत होते. मग एका सकाळी, तिची मुंबईची तारीख होती तेव्हा, ती बाहेर पडली तर ते रिक्षा बोलावून आधीच बसलेले. वाटेत म्हणाले, "मला वाटलं माझ्या मातीने तुला बरं केलं." जसिंता म्हणाली, "तुझ्या मातीने मला एवढी वर्षं जेवू घातलं, अंतोन. उपाशी माणसाला कुठलीच गोळी लागू पडत नाही." हे तिनेच मला नंतर सांगितलं. सांगताना हसत होती, पण डोळे भरले होते.

हर्षदा ऑपरेशन न होताच सावरली, हे आमचं सगळ्यांचं नशीब. ती घरी आल्यावर जसिंता अर्नाळ्याला जाऊन तिला भेटली. आत काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. मी बाहेर वाळत घातलेल्या मासळीच्या काठ्यांपाशी थांबले होते. परत येताना जसिंता म्हणाली, "पुढच्या सभेला सगळं सांगायचंय. तू ये."

ती सभा चर्चच्या सभागृहात झाली. नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. जसिंता उभी राहिली आणि कुठलीही प्रस्तावना न करता म्हणाली, "मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. मी औषधं बंद केली होती, ती चूक होती. आता मी औषधं घेते. पथ्यही पाळते. पथ्याने मला जेवता आलं, उभं राहता आलं. पण आतली आग त्याने विझली नव्हती. माझं ऐकून कुणी गोळ्या सोडल्या असतील तर आजच आपल्या डॉक्टरांकडे जा." सभागृहात कुजबुज झाली. पहिल्या रांगेतला एक गृहस्थ उठला. "म्हणजे आम्ही इतके दिवस मूर्ख होतो का?" जसिंता म्हणाली, "नाही. मी तुम्हाला खरं सांगितलं नाही. मूर्ख कुणीच नाही." तो निघून गेला, त्याच्यामागे आणखी काही जण गेले. कुणी म्हणालं, औषध कंपन्यांनी गाठली असणार. ज्या चित्रफितीत ती गोळ्या सोडल्याचं सांगते ती आजही मोबाइलवर फिरते; या सभेची कुणी काढलीच नाही. रविवारी ओसरी रिकामी राहू लागली. तिला ते लागलं. बोलून दाखवलं नाही, पण रविवारी सकाळी ती ओसरीवरच्या खुर्च्या पुसत बसायची.

पुढे गोळ्या कमी पडल्या म्हणून इंजेक्शनं सुरू झाली. ती तिला मानवली. एक मोठा बरा काळ आला. त्या काळात ती पुन्हा माझी नक्कल करायला लागली होती, नाताळात तिने निम्मा फुगा खाल्ला आणि डोळे मिटून कितीतरी वेळ चावत राहिली. मग हळूहळू इंजेक्शनांचाही प्रभाव ओसरला. आतड्याचा तो अरुंद भाग आणखी आवळत गेला, आणि ऑपरेशनशिवाय मार्ग उरला नाही. पुढचं मी सुरुवातीला लिहिलंच आहे.

ती गेल्यावर मी तिच्या डॉक्टरांना विचारलं होतं. मधली ती वर्षं औषध सोडलं नसतं तर जसिंता आज असती का? ते म्हणाले, कदाचित. आणि कदाचित नाही. औषधं नीट घेणाऱ्यांनाही हा आजार कधी कधी गाठतो. शिवाय औषधाने प्रतिकारशक्ती दबलेली असल्यामुळे शेवटचा संसर्ग आवरणं जड गेलं का, हेही मी विचारलं. त्याचंही उत्तर त्यांनी 'शक्य आहे' असंच दिलं. मला एक सरळ उत्तर हवं होतं. दफनभूमीतल्या त्या बायकांना ते मिळालं आहे, मला मिळालेलं नाही. माझ्याकडे फक्त ती आहे... तिची भूक, तिची भीती, आणि भरल्या सभागृहात खाली न झुकलेली तिची मान. आपण चुकलो होतो हे ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्याच समोर सांगणारी माणसं मी आयुष्यात फार पाहिलेली नाहीत.

परवा तिच्या महिन्याच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, गेले होते. मिस्सा झाल्यावर जवळची माणसं घरी जेवायला थांबली. अंगणात मोठी पातेली होती, सगळ्यांसाठी सणासारखा स्वयंपाक होता. हर्षदा आपल्या आईसोबत आली होती आणि एका कडेला संकोचून उभी होती. तिने आपला डबा आणला होता, पण अंतोनभाऊंनी तिला हाक मारून आत स्वयंपाकघरात नेलं. मी पाणी घ्यायला मागोमाग गेले. खिडकीपाशी जसिंता जिथे जेवायला बसायची त्या जागी त्यांनी ताट मांडलं होतं. जसिंताच्या छोट्या पातेल्यात वेगळा, अगदी मऊ भात केला होता, सोबत कोहळ्याची भाजी होती. त्यांनी सकाळीच कोहळा सोलून ठेवला असणार.

हर्षदा बसली. पहिला घास घेणार तोच अंतोनभाऊंनी विचारलं, "गोळी जेवणाआधी की नंतर?"

"नंतर, काका."

"बरं," ते म्हणाले. आणि पाण्याचा पेला हातात घेऊन, तिचं जेवण होईपर्यंत तिथेच उभे राहिले.